पूर्वरूप की अरिष्ट? : हृदयविकाराच्या इशाऱ्यांचा मराठी शब्देतिहास

आयुर्वेदाच्या परिभाषेत येऊ घातलेल्या रोगाच्या चिन्हाला ‘पूर्वरूप’ म्हणतात आणि येऊ घातलेल्या मृत्यूच्या चिन्हाला ‘अरिष्ट’. वरवर पाहता दोन्ही चिन्हेच. परंतु पहिले चिन्ह दिसले असता वैद्याने कामास लागावयाचे असते, तर दुसरे दिसले असता त्याने हात आवरता घ्यावयाचा असतो. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या रोगज्ञानाच्या पाच साधनांत पूर्वरूपाला स्थान आहे. अरिष्टांची चर्चा मात्र चरकसंहितेत त्या पंचकाबाहेर, इंद्रियस्थानाच्या बारा अध्यायांत स्वतंत्रपणे केलेली आहे. हा भेद ज्या शास्त्रकारांनी केला त्यांची सूक्ष्मदृष्टी वाखाणण्यासारखी आहे यात शंका नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो भेद नव्हे, तर मराठी भाषेत एका विशिष्ट व्याधीच्या बाबतीत तो भेद कसा पुसट झाला, हा आहे. ती व्याधी म्हणजे हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा अवरोध. आज आपण तिला ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतो, आणि बोलताना बहुधा ‘अटॅक’.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि या व्याधीची पूर्वचिन्हे नाडी पाहून अथवा रक्त तपासून प्रथम कळत नाहीत. ती रोग्याला जाणवतात आणि रोगी ती शब्दांत सांगतो. त्याने कोणता शब्द उच्चारला यावर पुढील एक-दोन तासांत तो इस्पितळात असेल की घरी सोड्याचे पाणी पीत असेल, हे ठरते. तेव्हा या व्याधीचा इतिहास काही अंशी शब्दांचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम प्राचीन साधनांकडे वळू. चरकाने सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात हृद्रोगाची चिकित्सा दिली आहे आणि त्याच्या आधीच्या अध्यायात ‘हृच्छूल’ या नावाने हृदयातील शूळ वेगळा काढून दाखविला आहे. त्या शूळाने श्वास कोंडतो, ही गोष्टही त्याने नोंदविली आहे. माधवनिदानातही हृद्रोगावर स्वतंत्र प्रकरण आहे. या ग्रंथांत वातज हृद्रोगाच्या वेदनेसाठी योजलेली क्रियापदे भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावीत. हृदय ताणले जाते, टोचले जाते, घुसळले जाते, फाटते, फुटते, चिरले जाते. एका वेदनेसाठी एवढी क्रियापदे योजण्यात केवळ संस्कृत ग्रंथकारांची पर्यायप्रियता आहे, असे मला वाटत नाही. निरनिराळ्या रोग्यांनी निरनिराळ्या शब्दांत सांगितलेली एकच पीडा ऐकणाऱ्या वैद्याने ती एकत्र मांडून ठेवली, असा तर्क अधिक सयुक्तिक दिसतो. अर्थात प्राचीनांचा ‘हृद्रोग’ आणि आजचा रोहिणी-अवरोध यांचे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. हृद्रोगात त्यांनी अनेक विकार एकत्र केले होते. जठराची जळजळही त्यात बहुधा आली असावी. परंतु वायू हृदयात जाऊन तेथे पीडा करतो ही कल्पना त्यांना परिचित होती, एवढे येथे लक्षात ठेवावे. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

संस्कृतातील ‘हृद्’ हा शब्द लॅटिनमधील ‘कोर्’, ग्रीकमधील ‘कार्दिया’ आणि इंग्रजीतील ‘हार्ट’ यांचा सगोत्र. (त्याचा आद्य हकार ध्वनिनियमांत नीट बसत नाही, त्या जागी अपेक्षित असलेला शकार ‘श्रद्धा’ या शब्दात लपून राहिला आहे, असे बहुतेक विद्वान मानतात.) मराठीने हा शब्द तत्सम रूपात काव्यासाठी व शास्त्रासाठी राखून ठेवला आणि घरच्या वापरासाठी ‘काळीज’ घेतला. आता ‘काळीज’ हा शब्द संस्कृत ‘कालेय’पासून आलेला, आणि ‘कालेय’ म्हणजे यकृत! हिंदीतील ‘कलेजा’ त्याच घराण्यातला. मटणाच्या दुकानात काळीज मागितले असता खाटीक जो अवयव तोलून देतो तो यकृतच असतो. तेथे व्युत्पत्ती शाबूत आहे. परंतु आई मुलाविषयी ‘माझं काळीज’ म्हणते तेव्हा तिला हृदय अभिप्रेत असते. एकाच शब्दात दोन अवयव नांदत असल्यामुळे मराठी माणसाच्या शरीरकल्पनेत छाती आणि पोट यांच्यामधील सीमा कायमची सैल राहिली. हा निष्कर्ष मी फार ताणू इच्छीत नाही. इंग्रजीतही जठराच्या जळजळीस ‘हृदयाचा दाह’ असे नाव आहेच. परंतु सीमेवरील हा गोंधळ आपल्याकडे जुना आहे, हे नाकारता येत नाही.

या वेदनेचे आधुनिक वर्णन प्रथम लंडनमध्ये झाले. विल्यम हेबर्डेन या वैद्याने २१ जुलै १७६८ रोजी तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. तो १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच चालू लागल्यास, छातीत एक विलक्षण पीडा होते. माणूस थांबला की ती तत्काळ नाहीशी होते. पुढे काही महिन्यांनी ती इतकी सहज थांबत नाही आणि अंथरुणात पडल्यापडल्याही येऊ लागते, असे त्याचे निरीक्षण होते. ही पीडा डाव्या दंडापर्यंत पसरते, हेही त्याने नमूद केले. जोतिबाचा डोंगर चढताना मध्येच ‘जरा टेकू या’ म्हणून थांबणारा आणि क्षणभराने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुन्हा चढू लागणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो दर वेळी केवळ थकलेलाच असतो, असे नव्हे.

हेबर्डेनने या व्याधीला ‘अँजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले. ‘पेक्टोरिस’ म्हणजे छातीचा; हृदयाचा उल्लेख नावात नाही, कारण मूळ हृदयात आहे अशी त्याची खात्री झाली नव्हती. ‘अँजायना’ हा शब्द मात्र त्याने मोठ्या मार्मिकपणे निवडला. गळा आवळला जाणे, कोंडमारा होणे, हा त्या धातूचा अर्थ. वेदातील ‘अंहस्’ हा शब्द त्याच मूळाचा; जर्मन भाषेतील ‘आंग्स्ट’ही तोच. अरुंद जागी सापडल्याची, चहूंबाजूंनी दाबले गेल्याची भावना या सर्व शब्दांच्या मुळाशी आहे. या पीडेत दुखण्यापेक्षा दडपण अधिक असते, हे हेबर्डेनच्या कानांनी टिपले. आजही वैद्य रोग्याला ‘छातीत दुखते काय?’ असे विचारतो तेव्हा रोगी पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो, आणि खरेच सांगतो. त्याला दुखत नसते. त्याला दडपल्यासारखे होत असते. ‘छातीवर धोंडा ठेवल्यागत’, ‘ऊर आवळल्यागत’, ‘जीव घाबरा झालाय’ या आपल्या भागातील बोलीच्या प्रयोगांत हेबर्डेनचे लॅटिन नाव जवळजवळ जसेच्या तसे सापडते. नागर मराठीतील ‘छातीत दुखणे’ या गुळगुळीत प्रयोगापेक्षा ते प्रयोग अधिक शास्त्रशुद्ध आहेत, असे माझे मत आहे.

हेबर्डेनच्या काळाविषयी आणखी एक गोष्ट. जॉन हंटर हा प्रख्यात शल्यवैद्य स्वतः या व्याधीने पीडित होता. देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचा शिष्य. या पीडेचे मूळ हृदयाच्या रोहिण्यांत आहे, अशी शंका जेन्नरला आली होती. परंतु गुरूला आपल्या दुखण्याचे खरे स्वरूप कळू नये म्हणून तो हंटरच्या हयातीत जाहीरपणे काही बोलला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस इस्पितळातील एका सभेत वादावादी होऊन हंटर कोसळला. शवविच्छेदनात त्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. इशारा कळला असूनही तो प्रेमापोटी दडवून ठेवण्याची ही रीत आपल्या घरांतही अनोळखी नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईत निवर्तले. वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस होते. त्यांच्या अखेरच्या दुखण्याला चरित्रकारांनी अँजायना पेक्टोरिस हेच नाव दिले आहे. विशेष हे की, हा मृत्यू अवचित आलेला नव्हता. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरास भरलेल्या सामाजिक परिषदेस प्रकृतीमुळे त्यांना जाता आले नाही. ज्या परिषदेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे देशभर प्रवास केला तिला ते मुकले, ही घटनाच बोलकी आहे. त्यांची प्रकृती ढासळत असल्याचे घरच्यांना, स्नेह्यांना व वैद्यांना ठाऊक होते. रमाबाई रानडे यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शेवटच्या भागात या दुखण्याची हकीकत आहे. मराठी गद्याचे अभ्यासक हे पुस्तक स्त्रीच्या आत्मकथनाचा आरंभीचा नमुना म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हृदयरोग्याशेजारी रात्र काढणाऱ्या व्यक्तीने लिहिलेला मराठीतील एक जुना साक्षिलेख म्हणूनही ते वाचले गेले पाहिजे. शास्त्रग्रंथात रोगी एकटा असतो. येथे तो घरात आहे, काम करीत आहे आणि त्याची चिन्हे दुसरे कोणी तरी पाहत आहे. या व्याधीत पाहणाऱ्याला बहुधा रोग्याच्या आधी कळते. वैद्य काय करू शकत होते, हा प्रश्न निराळा. १९०१ साली विश्रांती, अमिल नायट्राइटचा हुंगा आणि अफूचे अर्क यांपलीकडे जगात कोठेही फारसे काही नव्हते.

त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली गोपाळ कृष्ण गोखले यांनी. तेही १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी गेले. त्यांना मधुमेह होता आणि अखेरच्या काळात हृदयजन्य दम्याचे झटके येत. येथे ‘दमा’ हा शब्द घात करणारा आहे. फुफ्फुसाच्या नळ्या आकसल्याने होणारा दमा वेगळा, आणि हृदयाचा डावा भाग कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी साचल्याने रात्री उठवून बसविणारी धाप वेगळी. परंतु मराठीत दोहोंना एकच नाव. धाप हेदेखील हृदयाचे बोलणे असू शकते, हे या एका नावामुळे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मधुमेही मनुष्याच्या बाबतीत तर याला अधिकच महत्त्व आहे, कारण मधुमेहात मज्जातंतू बधिर झाले असता छातीतील कळ अजिबात जाणवत नाही असेही घडते. केवळ धाप, घाम अथवा अतोनात थकवा एवढेच चिन्ह उरते.

तिसरे उदाहरण आपल्या करवीरचेच. राजर्षी शाहू छत्रपतींचे निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत, पन्हाळा लॉज येथे झाले. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा; म्हणजे ४८ वे वर्षही पुरे झालेले नव्हते. कुस्तीचा शोक करणारा, शिकारीत रमणारा, १९१२ साली खासबागेचे मैदान उभारणारा हा धिप्पाड पुरुष अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि वाढलेल्या वजनाने त्रस्त होता. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले, तो आघातही जिव्हारी लागला होता. त्यांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असेच चरित्रकार देतात. कालाचा योग पाहावा : त्याच १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे एका मुलाला इन्सुलिनचे पहिले टोचणे दिले गेले होते. औषध जन्मले होते. परंतु ते येथवर येण्यास अवधी होता. देहाचे बळ आणि हृदयाचे आरोग्य एकच, ही समजूत तालमींच्या या गावात तेव्हा पक्की होती आणि ती आजही पूर्णपणे गेलेली नाही.

या काळात मराठी वृत्तपत्रांत एक साचेबंद वाक्प्रयोग रूढ झाला : ‘हृदयक्रिया बंद पडून’ अमुक गृहस्थांचे निधन झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग मोठा चमत्कारिक आहे. ते रोगाचे नाव नाही. ते मृत्यूचेच वर्णन आहे. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोणाचाच मृत्यू होत नाही! परंतु शब्दाचा परिणाम असा झाला की, ज्या व्याधीला मृत्यूनंतरच नाव मिळते ती व्याधी जिवंत माणसाला असू शकते, ही कल्पनाच लोकभाषेत उभी राहिली नाही. त्याच्या जोडीला बोलीत ‘हार्टफेल’ आला. वैद्यकात हृदयाची अकार्यक्षमता ही महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालणारी अवस्था. आपल्याकडे ‘हार्टफेल झाला’ म्हणजे मनुष्य जागच्या जागी गेला. त्यानंतरचा ‘झटका’. फेफऱ्याचा झटका, वेडाचा झटका या जुन्या प्रयोगांवरून तो उचललेला दिसतो. १८५७ च्या मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीत ऊर, काळीज, कळ, धाप हे सारे शब्द आहेत. ‘हृदयविकाराचा झटका’ मात्र तेथे शोधूनही सापडावयाचा नाही. झटका म्हणजे एका क्षणाचे काम. ज्या घटनेला पुष्कळ वेळा दिवस-दोन दिवसांची, कधी काही आठवड्यांची पूर्वपीठिका असते तिला आपण निमिषार्धाचे नाव दिले. अशा रीतीने पूर्वरूपाला जागाच उरली नाही. जे काही होते ते अरिष्ट. आणि अरिष्टापुढे मनुष्य काय करणार?

गंमत अशी की, नेमका हाच समज पाश्चात्त्य वैद्यांचाही होता. हृदयाच्या मुख्य रोहिणीचा अवरोध झाला म्हणजे तत्काळ मृत्यू, असे पाठ्यपुस्तके शिकवीत. १९१० मध्ये कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव्ह आणि स्त्राझेस्को यांनी, आणि १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हा समज खोडून काढला. हेरिक यांच्या निबंधातील पहिला रोगी ५५ वर्षांचा होता. बेताचे जेवण झाल्यानंतर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात तीव्र वेदना सुरू झाली. खाल्लेले बाधले असे वाटून त्याने मुद्दाम ओकारी काढली. वेदना थांबली नाही. तो सुमारे ५२ तास जगला आणि शवविच्छेदनात रोहिणीत रक्ताची गुठळी सापडली. त्या ५२ तासांत हेरिक यांचा सारा सिद्धांत सामावलेला आहे : अवरोध झाल्यावरही अवधी असतो. निबंधाकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. आइन्थोव्हेनच्या हृद्विद्युल्लेखन यंत्राची जोड मिळाल्यावर, १९१८ नंतर, त्याचे महत्त्व हळूहळू पटत गेले.

अवरोधाच्याही आधीच्या अवस्थेचा शोध घेणाऱ्यांत मुंबईच्या एका वैद्याचे नाव आदराने घ्यावयास हवे. रुस्तम जाल वकील हे के. ई. एम. इस्पितळाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी त्यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात लिहिलेला लेख जगभर गाजला आणि १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. त्यामुळे त्यांचे नाव सर्पगंधेशीच जोडले गेले आहे. परंतु १९६१ आणि १९६४ मध्ये अमेरिकन नियतकालिकांत त्यांनी प्रसिद्ध केलेले दोन लेख आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. साधा अँजायना आणि पूर्ण विकसित झटका यांच्या मधल्या अवस्थेला त्यांनी पहिल्या लेखात ‘मध्यवर्ती’ म्हटले आणि दुसऱ्यात ‘झटक्यापूर्वीचा लक्षणसमूह’. नेहमीची कळ अधिक वेळा येऊ लागली, कमी श्रमाने येऊ लागली, स्वस्थ बसलेले असताना येऊ लागली, विसावा घेऊनही जाईनाशी झाली, तर ही अवस्था ओळखून उपचार सुरू करावयाचे, हे या विचाराचे सार. दुसऱ्या नावाकडे संस्कृतज्ञाने पाहावे. ते ‘पूर्वरूप’ या शब्दाचे जवळजवळ भाषांतरच आहे. मराठीत आपल्यापाशी हा शब्द दोन हजार वर्षे तयार होता. परंतु परिभाषा घडविणाऱ्यांनी रोहिणी, नीला यांसारखे अवयववाचक शब्द मोठ्या कष्टाने रुजविले आणि रोग्याच्या उपयोगी पडणारा हा शब्द मात्र वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांतच ठेवून दिला. ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते.

आता ज्या वायूचा मागे उल्लेख केला त्याकडे येऊ. आजच्या मराठीत छातीतील अस्वस्थतेची दोन नावे सर्वत्र प्रचलित आहेत : ‘पित्त’ आणि ‘गॅस’. पैकी ‘पित्त’ हे तर उघडच त्रिदोषांतले. ‘गॅस’ हा शब्द इंग्रजी दिसत असला तरी त्याखालची कल्पना इंग्रजी नाही. ‘वायू धरला’, ‘वायगोळा उठला’ या जुन्या प्रयोगांतील वायूच येथे नवा अंगरखा घालून आला आहे. तथापि एक मोठा फरक पडला. चरकाचा वायू हृदयात शिरून हृद्रोग करू शकत होता. आपला ‘गॅस’ मात्र पोट सोडून कोठे जात नाही. कोणी ‘गॅस झालाय’ असे म्हटले की त्याच क्षणी हृदय संशयातून मुक्त होते, आणि ओवा, हिंग, सोडा यांची शोधाशोध सुरू होते. ढेकर आला की रोगी स्वतःच ‘बघा, सुटला’ म्हणतो. हेरिक यांचा रोगी नेमके हेच म्हणाला असता. वरच्या पोटातील दडपण, मळमळ, ओकारी ही हृदयाच्या खालच्या भागाच्या अवरोधाचीही चिन्हे असतात, हे वैद्यक सांगते. आणि त्यांच्या जोडीला गार घाम असेल, दडपण जबडा, पाठ, खांदा अथवा दोन्ही हातांकडे सरकत असेल आणि पंधरा-वीस मिनिटांत ते ओसरत नसेल, तर ‘गॅस’ हे निदान करण्याचा अधिकार घरातील कोणालाही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत शब्दांचा हा अडसर दुहेरी होतो. हेबर्डेनच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सुमारे शंभर रोग्यांत स्त्रिया अवघ्या तीन, असे म्हटले आहे. त्या संख्येने वैद्यकाची दृष्टी दीर्घकाळ बांधून ठेवली. वास्तविक स्त्रियांनाही छातीत दडपण येतेच; परंतु त्याच्या बरोबरीने धाप, मळमळ, पाठदुखी, हातपाय गळून जाणे यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळते. हे सारे आपल्या घरातील स्त्री ‘जीव घाबरतोय’ या एका वाक्यात सांगते, आणि ऐकणारा त्याचा अर्थ भित्रेपणा असा लावतो. ‘घाबरणे’ या क्रियापदाचा शारीरिक अर्थ बोलीत जिवंत आहे आणि नागर भाषेत तो मानसिक होऊन बसला आहे. सून-मुलगा शिकलेले आणि सासू जुन्या बोलीतली, अशा घरात हा अर्थभेद जिवावर बेतू शकतो.

याची किंमत काय? हिंदुस्थानातील ५० शहरांतल्या ८९ इस्पितळांत दाखल झालेल्या सुमारे २१ हजार रोग्यांची एक पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. चिन्हे सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंतचा मध्यक काल ३६० मिनिटे होता. म्हणजे निम्म्या रोग्यांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. वाहन, अंतर, पैसा ही कारणे त्यात आहेतच, आणि ती लहान नाहीत; परंतु पहिले काही तास ‘बघू या, उतरेल’ यातच जातात, हे कोणीही वैद्य सांगेल. याउलट इटलीत झालेल्या व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, पहिल्या तासाच्या आत गुठळी विरघळविणारे औषध मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. उशीर वाढत गेला तसा लाभ कमी होत गेला. १९८८ च्या दुसऱ्या एका चाचणीत १७,१८७ रोगी होते. तीत साध्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीप्रमाणे दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३, तर इतर देशांत ते ५९ च्या आसपास. रानडे ५८, गोखले ४८, शाहू महाराज ४७. त्यांच्या काळी औषधच नव्हते. आज आहे, आणि महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही मिळते. अडते ते बहुधा वाक्याच्या पहिल्या शब्दापाशी.

शेवटी आपल्या गावातील एका शब्दाची नोंद करतो. कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही दुसरा अर्थ चटकन सुचत नाही. जगात इतरत्र हीच तीन अक्षरे थांबलेले हृदय छाती दाबून चालू ठेवण्याच्या क्रियेसाठी वापरली जातात. ती क्रिया १९६० मध्ये बाल्टिमोर येथे कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी प्रसिद्ध केली. समोच्चारित शब्दांचे याहून नामी उदाहरण वर्गात देता यावयाचे नाही. रंकाळ्यावर फिरावयास आलेला एखादा मनुष्य कोसळला आणि बाहेरगावचा पाहुणा ‘सीपीआर, सीपीआर’ असे ओरडला, तर आपली मंडळी मोठ्या तत्परतेने रिक्षा बोलावतील, त्याला उचलून तीत घालतील आणि भाऊसिंगजी रस्त्याच्या दिशेने निघतील. वाटेत त्याच्या छातीवर हात ठेवून ती दाबत राहणारे कोणी त्या रिक्षात असेल काय, हे त्या शब्दाने कळत नाही.